रक्त फिल्टर करून अँटिबायोटिक बाहेर काढता येतं का?

प्रश्न: ताई, माझा दादा ४४ वर्षांचा आहे, तब्येतीने एकदम ठणठणीत होता. सायनसच्या इन्फेक्शनसाठी त्याला लिव्होफ्लॉक्सासिन ५०० ची गोळी रोज एक अशी १० दिवस दिली होती. सहाव्या दिवशी टाचेच्या मागे दुखायला लागलं पण कोर्स अर्धवट सोडायचा नसतो म्हणून त्याने सगळ्या गोळ्या घेतल्या. आता गोळ्या संपून ३ आठवडे झाले, टाच दुखतेच आहे, पायाच्या बोटांना मुंग्या येतात, रात्री झोप लागत नाही, सारखा घाबराघुबरा असतो. दोन डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका एवढंच सांगितलं. आता एका ठिकाणी म्हणतात की औषध अजून रक्तात अडकलंय, रक्त फिल्टर करून ते काढू, दोन सेशन लागतील. आधीच्या एका पेशंटच्या पिशवीचा फोटो दाखवला, त्यात गढूळ पिवळं पाणी होतं, म्हणे हे सगळं विष बाहेर आलं. दादा तयार आहे आणि मी माझे साठवलेले पैसे द्यायला तयार आहे. करावं का? अजून एक, पुढच्या महिन्यात त्याची दाढ काढायची आहे आणि तो म्हणतो आता मरेपर्यंत कुठलंच अँटिबायोटिक घेणार नाही. त्याला काय सांगू?

उत्तर: ताई, आधी सरळ उत्तर देते मग कारणं सांगते. हे करू नका. पैसे राहू द्या बाजूला, फुकट करून देतो म्हणाले तरी करू नका. पण दादाला होतंय ते खोटं आहे किंवा मनाचे खेळ आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट तुमचं पत्र वाचून मला पहिला राग आला तो ‘टेन्शन घेऊ नका’ या वाक्याचा. लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन हे सगळं एकच घराणं, फ्लुरोक्विनोलोन म्हणतात त्यांना, आणि या घराण्याने टाचेमागची जाड दोरी, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारं अकिलिस टेंडन, दुखावते हे काही आज कळलेलं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये या औषधांवर टेंडनसाठी सगळ्यात कडक, चौकटीतली वॉर्निंग टाकली, २०१३ मध्ये नसांच्या (मज्जातंतूंच्या) त्रासाची वॉर्निंग अजून कडक केली की हा त्रास लवकर सुरू होऊ शकतो आणि काही जणांना कायमचा राहू शकतो, आणि २०१६ मध्ये तर स्पष्ट सांगितलं की साधा सायनस, साधा ब्रॉन्कायटिस, साधं लघवीचं इन्फेक्शन यासाठी दुसरा पर्याय असेल तर ही औषधं देऊच नका. झोप उडणं, घाबरल्यासारखं होणं हेही त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. म्हणजे टाच, मुंग्या, झोप या तिन्ही गोष्टी कागदावर आहेत. हे दादाला वाचून दाखवा, कारण माझा अनुभव असा की ज्या पेशंटचं कुणी ऐकूनच घेत नाही तो पेशंट शेवटी जो पहिला म्हणतो ‘हो, तुम्हाला त्रास आहे’ त्याच्याकडे जातो, मग तो माणूस पुढे काय विकतोय हे बघायची ताकद उरलेली नसते.

आता रक्ताबद्दल. मी हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे, माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे किडनी गेलेल्या, डायलिसिसवर असलेल्या पेशंटचे अँटिबायोटिकचे डोस ठरवणं, त्यामुळे कुठलं औषध मशीनमध्ये निघून जातं आणि कुठलं जात नाही हा माझा रोजचा प्रश्न आहे. काही औषधं खरंच निघतात हो. जेंटामायसिन या अँटिबायोटिकचंच उदाहरण बघा, एका सेशनमध्ये रक्तातलं साधारण निम्मं निघून जातं, म्हणून आम्ही फाईलवर ठळक लिहितो ‘डायलिसिस झाल्यावर द्या’, कारण आधी दिलं तर औषध पेशंटला लागायच्या ऐवजी नळीतून ड्रेनमध्ये जातं. अमिकासिनचंही तसंच, मेरोपेनेमही निघतं, सेफेपिम तर बरंच निघतं, आणि किडनी बंद पडलेल्या पेशंटच्या अंगात सेफेपिम साठून तो बरळायला लागला, हातपाय झटके द्यायला लागले तर औषध बंद करून डायलिसिस करतात आणि माणूस शुद्धीवर येतो. म्हणजे रक्त फिल्टर करून अँटिबायोटिक काढणं ही काही थाप नाही. ज्याची किडनी काम करत नाही, ज्याच्या रक्तात औषध आत्ता या क्षणी भरपूर आहे आणि जे औषध मशीनमध्ये निघणाऱ्यातलं आहे, त्याच्यासाठी ते आहे. दादाच्या बाबतीत यातली एकही गोष्ट जमत नाही, आणि हेच तुम्हाला नीट समजावं अशी माझी इच्छा आहे.

पहिली गोष्ट वेळ. लिव्होफ्लॉक्सासिनची हाफ लाईफ ६ ते ८ तास असते, म्हणजे किडनी नीट असेल तर दर ६ ते ८ तासांनी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. हे औषध लिव्हरमध्ये फारसं मोडत नाही, ८५ टक्क्यांहून जास्त जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं आणि तेही साधारण दोन दिवसांत. तुम्ही ३ आठवडे म्हणताय, म्हणजे ५०४ तास, ८ तासांचाच हिशेब धरला तरी ६३ वेळा निम्मं झालं. कॅल्क्युलेटर घेऊन ५०० ला दोनाने भागत बसा, दहाव्या वेळेलाच अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली जाल, अजून ५३ वेळा भागायचं बाकी असेल. त्याच्या स्वतःच्या दोन किडन्यांनी हे काम गोळ्या संपल्यावर दोनतीन दिवसांतच उरकलंय, या किडन्या रोज १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात, कुठलंही सेशन त्याच्या जवळपास येत नाही. फक्त किडनी खूपच कमजोर असेल तर ही हाफ लाईफ ३५ तासांपर्यंत लांबते, तरीसुद्धा ३ आठवडे पुरेसे होतात, पण दादाचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) अलीकडे कधी तपासलं नसेल तर ते मात्र करून घ्या, पुढे कुठलंही औषध देताना कामाला येईल.

दुसरी गोष्ट, औषध असताना तरी ते रक्तात होतं का? फार थोडं. काही औषधं रक्तातच फिरत राहतात, काही स्नायू, फुप्फुसं, हाडं, कातडी यांच्यात शिरून बसतात, आणि लिव्होफ्लॉक्सासिन या दुसऱ्या जातीचं आहे. ते किती पसरतं याचा आकडा ७४ ते ११२ लिटर असा येतो, आता माणसाच्या अंगात एवढं पाणीच नसतं, हा फक्त हिशेबाचा आकडा आहे, पण त्याचा अर्थ असा की रक्ताच्या प्लाझ्मामध्ये, म्हणजे पेशी सोडून उरलेल्या द्रवात, जो जेमतेम ३ लिटर असतो, एकूण औषधाचा ३ ते ४ टक्केच भाग असतो, बाकीचं बाहेर पेशींमध्ये. टॉवेल भिजलाय आणि आपण बादलीतलं पाणी बदलतोय अशातला प्रकार आहे हा. म्हणून गोळी चालू असताना डायलिसिस केलं तरी लिव्होफ्लॉक्सासिन म्हणावं तसं निघत नाही, सिप्रोफ्लॉक्सासिनसुद्धा १० टक्क्यांच्या आतच निघतं, आणि म्हणूनच डायलिसिसनंतर या औषधांचा जादा डोस द्यावा लागत नाही. बरं, जे थोडंफार निघतं त्याची जागा पेशींमधून येणारं औषध भरून काढतं, मशीन बंद झाल्यावर काही तासांनी पुन्हा रक्त घेतलं की लेव्हल परत वर आलेली दिसते, व्हॅन्कोमायसिनच्या पेशंटमध्ये हे आम्ही नेहमी बघतो. त्यामुळे कुणी ‘सेशनच्या आधी आणि लगेच नंतर’ असे दोन आकडे दाखवले तर ते आकडे खरे असूनही त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते मला आणि ती त्या पिशवीच्या फोटोशी जोडलेली आहे. तुमच्या वर्णनावरून ते प्लाझ्मा फिल्टर करणारं मशीन दिसतंय, डायलिसिस नाही. त्यात पहिल्या फिल्टरमध्ये रक्तातल्या पेशी वेगळ्या काढतात, मग उरलेला प्लाझ्मा दुसऱ्या फिल्टरमधून जातो, आणि हा दुसरा फिल्टर मोठमोठे रेणू अडवायला बनवलेला असतो, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारे कण, अँटिबॉडी, फायब्रिनोजेन वगैरे. अँटिबॉडीचं वजन दीड लाख डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) आसपास असतं. लिव्होफ्लॉक्सासिनचं किती? ३६१. एवढा छोटा रेणू त्या फिल्टरला दिसतसुद्धा नाही, तो आरपार जातो आणि प्लाझ्माबरोबर पुन्हा दादाच्याच शिरेत परत येतो! म्हणजे औषध अंगात असतं तरी हे मशीन ते पकडणार नव्हतं. आणि पिशवीत साठलेलं पिवळं पाणी म्हणजे त्या पेशंटचाच प्लाझ्मा, त्यातली प्रोटीन आणि चरबी. प्लाझ्मा माझाही पिवळाच आहे, तुमचाही पिवळाच आहे. जरा तेलकट खाऊन रक्त दिलं तर तो गढूळ, दुधाळ दिसतो. कधीच अँटिबायोटिक न घेतलेल्या माणसाला त्या मशीनला लावलं तरी पिशवी तशीच दिसेल. त्यांना एवढंच विचारा की त्या पिशवीतल्या द्रवात लिव्होफ्लॉक्सासिन किती मिलिग्रॅम मिळालं याचा लॅब रिपोर्ट आहे का, आणि दादाच्या रक्तात आज ते किती आहे हे तपासलंय का. उत्तर गोलमोल आलं की समजून जा.

मग त्रास अजून का आहे हा प्रश्न राहतो, आणि तो दादा तुम्हाला नक्की विचारणार. औषध गेलं पण त्याने केलेली इजा राहिली, म्हणून. ही औषधं टेंडनला मजबुती देणाऱ्या कोलॅजेन या प्रोटीनची वीण सैल करतात, त्या भागाला रक्तपुरवठा आधीच कमी, त्यामुळे भरून यायला वेळ लागतो. नसांचंही तेच, नस फार हळू सुधारते. जेंटामायसिनने कान गेलेला पेशंट आम्ही बघतो, औषध बंद होऊन महिने झालेले असतात, रक्तात शून्य असतं, तरी कान परत येत नाही, कारण आतल्या बारीक केसांच्या पेशी मेलेल्या असतात. तिथे कितीही रक्त गाळलं तरी उपयोग काय? टेंडनच्या बाबतीत बातमी बरीच बरी आहे, ते बहुतेकांचं काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सुधारतं, काहींना जास्त लागतं, आणि मुंग्यांबद्दल मी आत्ता छातीठोकपणे काही सांगणार नाही, ते न्यूरॉलॉजिस्टने बघायला हवं. फिल्टर करून बरं वाटलं असं सांगणारी माणसं तुम्हाला भेटतील, ती खोटं बोलत नसतात, पण ती बरी होत होती त्याच काळात सेशनही झालं, आणि दोन्हींची गाठ मनात पक्की बसली.

आणि हे काही निरुपद्रवी नाही हो, नाहीतर मी म्हटलं असतं मनाचं समाधान म्हणून करून बघा. मानेत किंवा मांडीत जाड लाईन म्हणजे नळी टाकावी लागू शकते, तिथे रक्ताची गाठ होऊ शकते, इन्फेक्शन होऊ शकतं. आणि लाईनचं इन्फेक्शन झालं की उपाय काय, तर अँटिबायोटिकच, तेही शिरेतून आणि लांबलचक! रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात त्याने रक्तस्राव होऊ शकतो, किंवा सायट्रेट देतात त्याने कॅल्शियम खाली येऊन ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, आता दादाला मुंग्यांचाच त्रास आहे, मशीनवर असताना त्या वाढल्या की तो किती घाबरेल विचार करा. बीपी धाडकन पडू शकतं. बीपीसाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल जातीची गोळी चालू असेल तर काही फिल्टरवर चेहरा लाल होऊन बीपी कोसळल्याच्या घटना आहेत. वर त्या पिशवीत रक्त गोठवणारे घटक आणि चांगल्या अँटिबॉडीसुद्धा जातात. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू कमजोर करणाऱ्या आजाराचा पेशंट श्वास घेऊ शकत नाहीये, किंवा गियाँ-बारे या नसांच्या आजारात हातपाय लुळे पडत चाललेत, तिथे हा सगळा धोका पत्करणं योग्यच, कारण तिथे आजार करणारी अँटिबॉडी रक्तातच फिरत असते आणि ती तो फिल्टर पकडतो. दादाच्या रक्तात पकडण्यासारखं काही नाहीये.

तर मग करायचं काय. टाचेसाठी ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे न्या, जाताना गोळीची रिकामी स्ट्रिप आणि एका कागदावर तारखा न्या, गोळी कधी सुरू, दुखणं कधी सुरू, कधी संपली, तोंडी सांगताना माणूस गडबडतो आणि डॉक्टरला पाच मिनिटांत चित्र दिसायला हवं. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये टेंडन सुजलंय की फाटलंय ते कळतं. तोवर पळणं, उड्या, जिने दणादण चढणं बंद, टाच ताणायचे व्यायाम कुणी व्हिडिओ पाठवला म्हणून करायचे नाहीत, जोरात मालीश तर नकोच. बुटात टाचेखाली छोटी उशी ठेवली की ताण कमी होतो. दुखणं उतरायला लागलं की फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीत हळूहळू भार वाढवायचा, घाई केली की पुन्हा पहिल्यापासून. आणि हे अगदी लक्षात ठेवा, दुखतंय म्हणून कुणी टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायला निघालं किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या लिहिल्या तर आधी लिव्होफ्लॉक्सासिनचं सांगा, कारण या औषधाबरोबर स्टिरॉइड आलं की टेंडन तुटायचा धोका वाढतो.

मुंग्यांसाठी न्यूरॉलॉजिस्ट. शुगर, बी १२, थायरॉइड तपासून घ्या, सगळं खापर गोळीवर फोडून दुसरं साधं कारण राहून जायला नको. नसांची करंट लावून करतात ती टेस्ट नॉर्मल आली तरी त्याला खोटं ठरवू नका, बारीक नसांचा त्रास त्या टेस्टमध्ये दिसत नाही. मॅग्नेशियम, अँटिऑक्सिडंट यांच्याबद्दल खूप लोक खूप काही सांगतील, पक्का पुरावा म्हणावा असा नाही, डॉक्टरला विचारून साध्या डोसमध्ये घेतलं तर ठीक पण किडनी कमजोर असेल तर मॅग्नेशियम घेऊ नका. झोपेबद्दल आणि भीतीबद्दल स्पष्ट बोला डॉक्टरशी, लाजायचं काही नाही, औषधाने मेंदूवर परिणाम होऊ शकतो आणि त्यावर उपचार आहेत. आणि डॉक्टरला सांगून ही रिअ‍ॅक्शन औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे कळवायला लावा, ते फॉर्म पेशंटलाही भरता येतात, आज ज्या वॉर्निंग छापलेल्या आहेत त्या अशाच कळवलेल्या केसेसमुळे आल्या.

काही गोष्टींना थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सीला जायचं: टाचेत फट्‌ असा आवाज आला किंवा चवड्यावर उभं राहता येईना, पायातली ताकदच जायला लागली, छातीत, पाठीत किंवा पोटात एकदम फाटल्यासारखं दुखलं (महाधमनीच्या धोक्याची वॉर्निंग २०१८ मध्ये याच औषधांना लागली), किंवा दादा जगून काय उपयोग असं बोलायला लागला. शेवटच्या गोष्टीत त्याला एकटं सोडू नका.

आता दाढ. दादाला सांगा की अँटिबायोटिक हे एक औषध नाही, वेगवेगळी घराणी आहेत, आणि त्याने आयुष्यभर टाळायचं ते हे एकच घराणं, ज्यांच्या नावाच्या शेवटी साधारण ‘फ्लॉक्सासिन’ येतं ती, ऑफ्लॉक्सासिन आणि नॉरफ्लॉक्सासिनसकट, आणि पोट बिघडल्यावर मिळणाऱ्या कॉम्बिनेशनच्या गोळ्यांमध्येही ती असतात म्हणून पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायचं. हे फोनमध्ये आणि पाकिटात दोन्हीकडे लिहून ठेवा. दाताच्या डॉक्टरकडे सहसा अमॉक्सिसिलिन लागतं, ते पेनिसिलिनचं घराणं, टेंडनशी त्याचा काही संबंध नाही, पूर्वी त्याची अ‍ॅलर्जी नसेल तर घाबरायचं कारण नाही. दाढ काढताना प्रत्येकाला अँटिबायोटिक लागतंच असंही नाही, डेंटिस्टला आधी सगळं सांगून विचारा, बरेचदा नुसती दाढ काढून भागतं. पण त्यांनी गरज आहे म्हटलं तर पूर्ण डोस, सांगितलेले दिवस, अर्धी गोळी करून घेऊ नये. जबड्यातलं इन्फेक्शन गळ्यात उतरलं तर ते टाचेपेक्षा फार वाईट.